उजांगच्या वडिलांची चाल

चार माणसं ठरल्या वेळी जमायला लागली की किस्से आपोआप साठतात. घरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखे! कुणी मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. आमच्या बांबू मंडळाचं तेच झालंय. परवा ऑफिसात कुणीतरी विचारलं, "रविवारी काय करतेस गं?" मी म्हटलं, "भुईगावला जाऊन खुळखुळा वाजवते." मग सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की अख्खी गोष्ट सांगावीच लागली.

खुळखुळ्याचं खरं नाव अंगक्लुंग. इंडोनेशियात जावा बेट आहे, तिथलं हे वाद्य. बांबूची चौकट, तिच्यात बांबूच्याच दोन-तीन नळ्या. हलवलं की वाजतं. गंमत म्हणजे एका अंगक्लुंगातून एकच सूर निघतो. सा म्हणजे फक्त सा! गाणं वाजवायचं तर प्रत्येक सुराला माणूस हवा. आपला सूर आला की हलवायचं, एरवी गप्प बसायचं. पूर्वी तिकडे भात घरी आणताना भाताच्या देवीला खूश करायला वाजवायचे म्हणे. गप्प बसणं हाच ज्यातला मोठा भाग, असं वाद्य वसईत आणणाऱ्या माणसाच्या धाडसाला दाद द्यायला हवी.

तो माणूस म्हणजे विजयकाका चुरी. वसईजवळ भुईगावात केळीची वाडी, पण उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथे जावाचा उजांग त्यांचा जोडीदार. ओळख झाली ती भांडणातून! काकांनी घरून नेलेली सुकेळी उघडली, तर उजांगने आपला डबा पुढे केला. त्यातही वाळवलेली केळी! "हे आमच्या गावचं!" "छट्, हे आमच्या गावचं!" बंदर येईपर्यंत वाद चालला आणि दोन्ही डबे रिकामे झाले.

उजांगचे वडील अंगक्लुंग बनवायचे. ते गेले तेव्हा घरची मुलं शहरात पांगलेली, गावात वाजवायला कुणी उरलं नव्हतं. उजांगने त्यांचा अख्खा संच काकांच्या हाती ठेवला. म्हणाला, "तुमच्याकडे माणसांना तोटा नाही. मी येईन तेव्हा वडिलांची चाल एकदा याच्यावर ऐकव." ती चाल तो काम संपलं की शिट्टीवर वाजवायचा, काकांना तोंडपाठ होती. काकांनी शब्द दिला, संच घरी आणला, ओटीवर टांगला आणि काकूंनी त्याच्यावर मनीप्लांट सोडला. कितीतरी वर्षं तो तसाच राहिला. मग एके दिवशी उजांगचा मेसेज आला: 'पुढच्या थंडीत येतोय. चाल तयार आहे ना?'

काकांनी लिहिलं, 'अगदी तयार!' आणि मग माणसं शोधायला बाहेर पडले.

*

पहिल्या रविवारी सूरवाटप झालं. रेशनच्या रांगेत होत नसेल अशी झुंबड! फिलूआंटी, म्हणजे काकांच्या शेजारच्या फिलोमिना, चर्चच्या क्वायरमध्ये गाऊन आलेल्या. त्यांनी प आधीच बगलेत मारला होता. माणसं कमी म्हणून धसुद्धा त्यांच्याच गळ्यात पडला. काकूंच्या दोन हातांत सा आणि म. आमच्या बिल्डिंगमधले सावंत आणि सावंतवहिनी यांना रे आणि ग. अर्नाळ्याच्या हरेश मेहेरला वरचा सा, कारण त्याची बोट आहे आणि वरचा सा ही जबाबदारीची जागा आहे, असं काकांचं म्हणणं.

मला मिळाला नी. अख्ख्या चालीत तो दोनदा येतो! मी तोंड वाकडं केलं, तर काका म्हणाले, "अगं, मान आहे तो. देवळातली मोठी घंटा पण सारखी वाजवत नाहीत."

पुढच्या रविवारी फिलूआंटी सुनेच्या डोहाळजेवणाचं सांगत होत्या. त्या नादात माझ्या दोनांपैकी एक नी निघून गेला. काका ओरडले, "दोनच वेळा यायचंय ना बाई? तिथेही उशीर?"

*

महिन्याभरात आमची नावं गेली आणि सूर उरले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सकाळी मेसेज आला: 'रे ला ताप आहे. ग त्याच्यासोबत थांबणार. सा समुद्रात. नी ने भजी आणावीत.'

माझ्या नवऱ्याने तो वाचला. मग दार लोटून घेतलं आणि अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "तुम्ही नक्की करता काय गं तिथे? मला सांग, मी रागावणार नाही."

*

सा समुद्रात, हे अगदी खरं होतं. हरेशचा सा भरती-ओहोटीवर अवलंबून! बोट आली तर सा आला. नसला की त्याच्या जागी आम्ही सगळे "हं" म्हणून पुढे जायचो. आणि आला की तो हमखास सूर उशिरा लावायचा. काका हात वर करून उभे, आम्ही श्वास रोखलेला, आणि हरेश आरामात कुठेतरी बघतोय. मग एकदम खळ्ळ्!

काका वैतागले. "अरे, चाल अशी नाही! लगेच यायचं!"

"काका, बोट लाटेवर चरते ना, तवा वर गेल्यावर थोरी थांबते. मंग खाली येते. मी पन तसाच थांबतो. पान्याला कोन घाई करनार?"

काकांनी कपाळाला हात लावला. त्यात त्याने सराव करायला म्हणून अंगक्लुंग घरी नेला, आणि घरच्यांनी तो बोंबील सुकवायच्या बांबूंवर टांगून ठेवला. बांबूला बांबू, त्यांची काय चूक? पुढच्या रविवारी हरेशने वरचा सा हलवला आणि वाडीतली मांजरं लाईनीत येऊन बसली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे आम्हांला मिळालेला तो पहिला श्रोतृवर्ग!

*

सावंत आणि वहिनी यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते दोघांनाही आता आठवत नाही. आले मात्र दोघं, वेगवेगळ्या रिक्षांनी. चालीत ग संपला की रे येतो. वहिनींनी ग हलवायला घेतला आणि थांबेचनात! खळखळखळखळ... सावंत रे उचलून वाट बघतायत.

काका म्हणाले, "वहिनी, सोडा आता."

"मी नाही सोडणार. आधी यांनी माफी मागावी."

सावंत वालीवला कारखान्यात सुपरवायझर, चारचौघांत माफी मागणारा माणूस नव्हे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एकाऐवजी दोनदा, अगदी हळू, रे हलवला. रे... रे. वहिनींनी ग खाली ठेवला आणि पदराने तोंड लपवून हसायला लागल्या.

"चाल अशी नाही!" काका म्हणाले. "तिथे ग एवढा लांब नाही आणि रे एकदाच आहे!"

"राहू दे हो चुरी," फिलूआंटी म्हणाल्या, "बरं वाटतंय कानाला." आणि ते तसंच राहिलं.

*

पावसाळ्यात फिलूआंटींच्या धला चीर गेली. सावंत म्हणाले, "द्या इकडे, वालीवला आमच्या ओळखीचा एक कारागीर आहे, काहीही दुरुस्त करतो." आठवड्याने ध परत आला. चकचकीत पांढरा! कारागिराने बांबू काढून पीव्हीसी पाईप बसवला होता. सोबत निरोप: 'बांबू सडतो. हा आता भूकंप झाला तरी वाजेल.'

आंटींनी हलवला. ढप्प!

काका खुर्चीत बसले ते उठेनातच. "उजांगच्या वडिलांच्या हातचा होता रे," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून आम्हांला खरंच गलबलून आलं. सावंत तर त्या दिवशी चहासुद्धा न पिता गेले.

शेवटी काकांनी वाडीतलाच बांबू तोडला, सुकवला आणि तासायला घेतला. ऐकायला फिलूआंटी. "अजून खाली आहे." काका तासायचे. "अजून थोडा." काका तासायचे. "आता वर गेला!" मग नवा बांबू. असं करता करता काकूंनी एक दिवस दम भरला, "वाडीत माझ्या वेलांना मांडव घालायला बांबू उरेल का?" तेव्हा जो हातात होता, तोच ध ठरला. तो जरासा वर आहे. आम्ही त्याला भुईगावचा ध म्हणतो.

*

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम फिलूआंटींच्या भाच्याच्या लग्नाआधीच्या रात्री झाला. निवेदक मुलाला 'अंगक्लुंग' म्हणता येईना, तो माईकवर म्हणाला, "आता सादर होत आहे चायनीज!" पाव्हण्यांनी ताटं घेऊन रांग लावली!

रांग मोडायला लागला थोडा वेळ. मग आम्ही सुरू केलं. चाल तशी संथ. पण दोन ओळी झाल्या आणि एक आजोबा नाचायला उठले. मग त्यांची बहीण उठली. मग बँडवाल्याला राहवेना, त्याने ढोलावर हात टाकला. काका हातवारे करून "हळू! हळू!" म्हणत होते, लोकांना वाटलं तेही नाचतायत! आम्ही त्या पायांच्या मागे धावलो. जो वेग त्या रात्री चढला तो नंतर कधी उतरला नाही.

परत येताना रिक्षात काका पुटपुटत होते, "चाल अशी नाही. उजांग येईल तेव्हा काय तोंड दाखवू?"

*

आणि उजांग आला! हसरा, बुटका, डोक्यावर काळी टोपी. काका आणि तो एकमेकांना धरून इतका वेळ उभे राहिले की रिक्षावाल्याने भाडं मागायचं टाळलं. उजांगने आल्या आल्या संचावरून हात फिरवला. एकेका बांबूला बोट लावत गेला. ध पाशी थांबला, वास घेतला आणि पुढे सरकला.

आम्ही उभे राहिलो. हरेश वेळेवर हजर होता, आंघोळ करून! काकांनी हात वर केले. त्यांनी खूण केली आणि आम्ही वाजवलं. खोटं कशाला सांगू, इतकं छान आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. माझे दोन्ही नी जागच्या जागी पडले! उजांग डोळे मिटून, पायाने ठेका धरून ऐकत होता. संपल्यावर जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

"व्हेरी गुड, विजय! वसई साँग, व्हेरी गुड! नाऊ प्लीज, माय फादर्स साँग?"

कुणी कुणाकडे बघेना. काकूंनी घाईघाईने सुकेळीचं ताट पुढे केलं. काका मात्र वळून पंपघराकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. ते नळाखाली तोंड धूत होते. "एवढी वर्षं डोक्यात जपली गं," म्हणाले. "माझ्याच हातून हरवली."

आम्ही परत आलो तेव्हा उजांगने शिट्टीवर मूळ चाल वाजवून दाखवली. शांत, साधी, भात डोक्यावर घेऊन सावकाश घरी चाललेल्या बाईसारखी. आम्ही लगेच तशी वाजवून बघितली. पण ग लांबलाच, सावंतांचा रे दोनदा गेलाच आणि हरेश लाटेवर थांबलाच! आम्ही परत परत सुरू करायचो, आणि परत आमचीच वरात निघायची. उजांग हसून हसून खाली बसला.

निघायच्या दिवशी काकांनी सगळा संच कपड्यात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला. "घेऊन जा. मी शब्द पाळला नाही."

उजांगने कपडा सोडला, एकेक अंगक्लुंग परत ओटीवर टांगला, आणि जाताना फक्त सुकेळी नेली. काका पुढचे कित्येक रविवार सरावाला खाली मान घालून बसायचे. आम्ही चुकलो तरी ओरडायचे नाहीत. ते ओरडत नाहीत म्हणून आम्हीच कासावीस!

*

परवाच्या रविवारी ग्रुपवर उजांगचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं: 'आमच्या गावातली मुलं. त्यांना माझ्या वडिलांची चाल शिकवली.'

नारळीच्या झाडांखाली दहा-बारा पोरं, प्रत्येकाच्या हातात एक अंगक्लुंग, समोर काळी टोपी घातलेला उजांग. आम्ही सगळे काकांच्या फोनवर वाकलो. उजांगने हात खाली आणला आणि पोरांनी सुरुवात केली. भाच्याच्या लग्नाचा वेग! दुसऱ्या ओळीत एक वेण्या घातलेली मुलगी ग सोडायलाच तयार नाही. मग शेजारच्या पोराने हळूच, रे... रे. मग सगळी थांबली. सगळीच्या सगळी, श्वास रोखून. एक लाट वर चढून खाली यावी एवढा वेळ गेला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी आरामात वरचा सा हलवला.

फिलूआंटींनी छातीवर क्रूस केला. हरेश फोनच्या आणखी जवळ सरकला. सावंत वहिनींकडे बघायला लागले.

काकांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. परत लावला. चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि आमच्याकडे वळून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असे गरजले,

"बघा! वर्षभर घसा फोडून सांगत होतो ना तुम्हांला? चाल अश्शी आहे!"