पर्गोल्यावरचं मोरचूद

सिंदी मेघेतल्या आमच्या अंगणात ॲल्युमिनियमचा पर्गोला, म्हणजे चार खांब आणि वर नुसत्या पट्ट्या, उभा राहिला, तेव्हा तो बघायला निम्मा जिल्हा लोटला होता. बरं, निम्मा नाही. पण आमची गल्ली आणि पुलगावचा साडू तरी नक्की. बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "काही करायचं नाही साहेब. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी आणि मऊ फडकं." मी इतक्या भक्तीनं पुसायचो की बायको म्हणायची, एवढा साबण स्वतःच्या अंगाला लावला असता तर गोरे झाले असते.

त्याच वर्षी सासरे राहायला आले. केळझरकडचे, सारा जन्म दोडक्या-कारल्यांत गेलेला. सासूबाई गेल्या, मग गुडघे गेले, शेत बटईनं दिलं. बाबांनी आता इथंच राहावं, एवढी एकच बायकोची इच्छा. ते मात्र पाहुण्यासारखे खाटेच्या कडेवर बसत. पिशवी खुंटीवर कायम भरलेली. दर शनिवारी ठरलेलं वाक्य, "सोमवारी जातो माय."

पर्गोल्याखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं. "जवाईबापू, मांडव तं झकास घातला. वेल कुठं हाय?"

"मामाजी, हा वेलाचा नाई, शोभेचा हाय."

"रिकामा मांडव शोभते का?"

मृगात त्यांनी खांबांच्या बुडाशी दोडक्याच्या बिया खोचल्या. गुळगुळीत धातूवर वेल काय चढणार, म्हणून मी मनात हसलो. ते खांबाला सुतळी गुंडाळत बसले. नजर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम चालू, आणि बोटं आपली गाठी मारताहेत! वेल जाड झाला तर सरकेल इतकी सैल, वादळ आलं तरी सुटणार नाही इतकी पक्की. पन्नाशी आली तरी मला बुटाची नाडी दोनदा बांधावी लागते. मी तासभर हलू शकलो नाही.

मग तो वेल. चहा ओतला तेव्हा गुडघ्याशी होता, कप संपेपर्यंत कमरेला. वाळत घातलेल्या बनियनला त्यानं अशी मिठी मारली की सोडवायला दोघं लागले. वीजमीटर बघायला येणारा माणूस दोडक्यांतून वाट विचारत आत यायचा. यातलं निम्मं खोटं आहे. खालची सावली मात्र खरी होती. हिरवी, गार, पान हललं की अंगावरून सरकणारी. तिच्यात खुर्ची टाकून मी तोंड उघडं ठेवून वर बघत बसायचो.

भादव्यात पानांवर पिवळे डाग आले. मामाजींनी मोरचूद आणि चुना मागवला, प्लास्टिकच्या बादलीत कालवला. मी पितळी पातेलं पुढं केलं तर ओरडले, "धातूच्या भांड्यात नाई! मोरचूद भांडं खाते." काय हे ज्ञान, म्हणून मी थक्क. पाठीवर पंप घेऊन त्यांनी एकेक पान उलटसुलट भिजवलं. तीनदा फवारलं.

पुढच्या महिन्यात मी साबणाची बादली घेऊन शिडीवर चढलो. आधी खिशातला मोबाईल बादलीत पडला. आणि मग दिसलं. शिडी घासून जिथं जिथं रंग गेला होता, तिथं निळसर-पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं, खाली सुईनं टोचल्यासारखी भोकं. मामाजींनी खालच्या खांबावरच्या तशाच डागावरून बोट फिरवलं आणि खाली बसले.

"भांड्याले जपलं," ते म्हणाले, "अन् मांडवाले इसरलो."

मी दर महिन्याला तो पर्गोला पुसत होतो, तरी ते मला सुचलं नव्हतं. मोरचुदात जन्म गेलेल्या त्यांनाही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं चार महिने तिथं धातू नव्हताच. बांबू होते.

त्यांनी माझा मोबाईल पुसला, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात पुरला.

सकाळी पिशवी खुंटीवर नव्हती, त्यांच्या हातात होती. वारही सोमवार नव्हता, गुरुवार होता. "येतो जवाईबापू. तुमचं नुकसान करून बसलो." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. जन्मभर माझ्या थापांवर चिडणारी ती बाई माझ्याकडे असं बघत होती, की आता एक तरी मारा.

"जा ना मामाजी," मी म्हटलं. "पण त्या पर्गोलावाल्याचा फोन आलता. म्हणे, मोरचूद लागलं का वर्षभर दर आठ दिवसानं पुसा लागते. तेही ज्यानं फवारलं त्याच्याच हातानं. हात बदलला तं डाग पसरते."

"धातू हात ओळखते?"

"नवीन निघालं हाय तसं."

"कवा आला फोन?"

"आताच, सकाळी."

त्यांनी तांदळाच्या डब्याकडे पाहिलं. मोबाईल अजून त्यातच होता. मग पिशवीत हात घालून घडी घातलेलं धोतर काढलं आणि टर्रकन उभं फाडलं. अर्धं माझ्या अंगावर फेकलं.

"शिडीवर तुमी चढजा. माहे गुडघे नाई चालत."

"पण मामाजी, हात बदलला तं डाग..."

"पसरू द्या," बादली उचलत ते म्हणाले. "तुमच्या थापेएवढे तं नाई पसरत."