पथारीवर न आलेली शिंक

कुणी जोरात शिंकलं की मला ती घटना आठवते. घरात याची थट्टा होते. सून म्हणते, "बाबा, आता कुणाला पकडताय?" करू दे थट्टा. पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड झेलला. पण ज्या प्रकरणानं माझे कान उपटले ते चांदीच्या एका किरकोळ चोरीचं होतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आपापल्या कामाला आहेत, त्यांना माझ्या आठवणींचा उपद्रव नको.

मी मूळचा नंदुरबारचा. निवृत्ती जवळ आली की विनंती करून गावाकडे बदली मागता येते, तशी मी मागितली आणि सुदैवानं मिळाली. माझ्या ठाण्याच्या हद्दीत मिरचीच्या पथाऱ्या येत. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हिवाळ्यात ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. नजर पोचेल तिथवर जमीन लाल दिसते. सातपुड्यातून आलेली कुटुंबं पथारीच्या कडेलाच झोपड्या बांधून हंगामभर राहतात. पुरुष मिरची उलटवतात, पोती भरतात. बाया ओळीनं बसून देठं खुडतात. त्या दिवसांत अख्ख्या गावाच्या हवेत तिखट असतं. पाहुणा रेल्वेतून उतरला की रिक्षात बसेपर्यंत दोनदा शिंकतो, आणि स्टेशनवरचे आमचे रिक्षावाले शिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला भाडं थोडं वाढवूनच सांगतात. आम्हाला मात्र ती हवा कळतही नाही. लहानपणापासून तीच नाकात गेलेली.

एका सकाळी पथारीचा मुकादम एका म्हातारीला घेऊन ठाण्यात आला. म्हातारी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली. तिच्या झोपडीतून चांदीची जाड साखळी आणि दंडातल्या दोन वाक्या चोरीला गेल्या होत्या. ही चांदी तिनं मुलाच्या लग्नासाठी जपली होती. लग्न होळीनंतर व्हायचं होतं. ठरलेली मुलगी त्याच पथारीवर, चार झोपड्या पलीकडे, चुलत्याच्या कुटुंबाबरोबर कामाला होती. विशीतली असेल.

"चांदी कुठे ठेवली होती?" मी विचारलं.

"चुलीजोडे पुरेल व्हती."

"कुणाला माहीत होतं?"

म्हातारी जमिनीकडे बघत म्हणाली, "पोरले दखाडेल व्हती. तीन दिन व्हयनात. म्हनी, हाई तुन्हा आंगवर घालसू. दुसरं कोनलेच माहित नही." पोर म्हणजे तीच होणारी सून.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि पथारीवर गेलो. माझ्याबरोबर एक महिला शिपाई होती. नवरा इथल्या शाळेत शिक्षक, म्हणून ती कोकणातून बदली घेऊन आलेली, रुजू होऊन आठवडा झाला नव्हता. पथारीवर पाय ठेवल्यापासून बिचारीला शिंका आवरेनात. पंचनामा लिहिताना तिच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि कागदावर दोन्ही.

पंचनाम्यात फारसं काही निघालं नाही. चुलीशेजारी हातभर खड्डा, बाजूला मातीचं रिकामं गाडगं. झोपडीला दार नाही, कुडाला टेकवलेलं पोतं हेच दार. दिवसभर सगळे मिरचीवर असतात, झोपड्यांकडे कुणी फिरकत नाही. फक्त एक गोष्ट दोन बायांनी सांगितली. आदल्या दिवशी दुपारी ती मुलगी काम सोडून झोपड्यांकडे गेली होती.

त्याच वेळी पथारीवर एक ट्रक उभा होता. माल पुरता वाळला नव्हता म्हणून चार दिवस खोळंबलेला. मी ड्रायव्हरचा आणि क्लीनरचा जबाब घेतला. ड्रायव्हर परराज्यातला, तोंडाला ओला पंचा बांधून केबिनमध्ये बसलेला. क्लीनर त्यानं याच खेपेला वाटेत कामाला ठेवला होता. तो पोत्यांच्या थप्पीवर बसून भाकरी खात होता. त्यानं हात जोडून सांगितलं, "साहब, मैं तो पहली बार आया हूँ. यहाँ किसी को जानता भी नहीं." मी ते उतरवून घेतलं आणि पुढे गेलो.

आता माझी चूक सांगतो. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, ती राहते तिथे जाऊन विचारायचं, असा कायदा आहे. मला तो पाठ होता. पण सगळ्या पथारीचं बोट एकाच मुलीकडे होतं आणि मला वाटलं, ठाणं पाहिलं की दोन तासांत बोलेल. मी तिला जीपमध्ये बसवलं. बायांच्या ओळीसमोरून जीप गेली. देठं खुडणारे हात थांबले होते, हे मला आरशात दिसलं.

ठाण्यात ती बाकावर ताठ बसली. मी ओरडलो नाही, हात लावला नाही. पण तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तिचं उत्तर एकच, "मी पानी लेवाले गयी व्हती. चांदी मी नही लिन्ही." खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्त सांगतो, असा माझा अनुभव. ही दर वेळी तेवढंच सांगत होती. संध्याकाळच्या आत मी तिला "जा" म्हटलं. पथारी चारेक किलोमीटर लांब. ती चालत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पथारीवर गेलो तेव्हा बायांच्या ओळीत ती टोकाला, सगळ्यांपासून दोन हात दूर बसलेली दिसली. महिला शिपाई तिच्याशी बोलून आली. म्हातारीनं मुकादमाकरवी निरोप दिला होता की लग्न मोडलं. मुलीच्या बापापर्यंत, वर डोंगरात, अजून बातमी गेली नव्हती. आठवडे बाजाराला माणसं खाली उतरली की जाणार होती. मग ती कुठल्याही गावात गेली तरी चोरटी म्हणूनच गेली असती.

मी ट्रकजवळ उभा राहून पुढे काय करावं याचा विचार करत होतो. महिला शिपाई शेजारी शिंकत होती. केबिनमधला ड्रायव्हरही शिंकला. ती नाक पुसत म्हणाली, "साहेब, एक विचारू? तुम्हाला शिंका येत नाहीत, कारण तुम्ही इथले. मजुरांना येत नाहीत, कारण ते रोज यातच असतात. पण हा क्लीनर पहिल्यांदा आलाय म्हणतो. इतके दिवस मिरचीच्या पोत्यावर बसून जेवतोय. याला एकही शिंक कशी नाही?"

जी गोष्ट स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला रोज कळते, ती माझ्या डोळ्यांसमोर भाकरी खात बसली होती आणि मला दिसली नव्हती. मला स्वतःला शिंक येत नाही, म्हणून कुणाला येत नाही याचं मला नवलच वाटलं नाही. बाहेरगावचा अधिकारी असता तर पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं असतं.

अर्थात शिंक आली नाही म्हणून कोर्ट कुणाला शिक्षा करत नाही. तसं लिहून पाठवलं असतं तर वकिलांनी मला जन्मभर चिडवलं असतं. शिंकेनं फक्त दिशा दाखवली. मी क्लीनरला खाली बोलावलं आणि म्हटलं, एक पोतं सोड, माल दाखव. त्यानं दोन्ही हातांनी मिरची उपसली. उन्हामुळे कपाळावर घाम आला. नवखा माणूस अशा वेळी तळव्यानं डोळे पुसतो आणि मग अर्धा तास नाचतो. यानं मान वाकवून खांद्यानं घाम टिपला. पथारीवर हंगाम काढलेला माणूसच असा घाम टिपतो.

या पथारीवर त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण शेजारी कुणी ओळखेल असं मला वाटलं. "चल, चहा पिऊ," म्हणत शेजारच्या पथारीवर घेऊन गेलो. तिथला मुकादम आम्हाला पाहून उठला. मला नमस्कार करायच्या आधीच त्यानं क्लीनरला जुन्या ओळखीच्या माणसासारखी हाक मारली.

"अरे, तू कवय उना? औंदा दुसरीकडे लागना का?"

क्लीनरनं तोंड फिरवलं.

मग वेळ लागला नाही. दोन हंगाम तो याच मुकादमाकडे मिरची उलटवायला होता. डोंगरातल्या बाया चांदी चुलीजवळ पुरतात, हे त्याला ठाऊक होतं. पुरून झालं की वरून सारवतात. सगळी जमीन वाळलेली आणि चुलीजवळच तेवढा ओला पट्टा दिसला की समजायचं, असं त्यानंच सांगितलं. म्हातारीनं होणाऱ्या सुनेला मोठ्या हौसेनं दागिने दाखवले, परत पुरले, वरून सारवलं. त्या ओल्या सारवणानं चोराला जागा दाखवली. पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं. ट्रकच्या हत्यारांच्या पेटीतून, चिंधीत बांधलेली साखळी आणि दोन्ही वाक्या निघाल्या. जप्ती झाली, मोहर लागली, मुद्देमाल ठाण्यात जमा झाला. माझ्या लेखी प्रकरण संपलं. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली आणि मी ती खुशाल घेतली. महिला शिपायाचं नाव सांगायचं त्या क्षणी सुचलं नाही. पुढच्या अहवालात लिहिलं, पण उशीर तो उशीरच.

दोन दिवसांनी सकाळची हजेरी सुरू असताना ती मुलगी ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चालत आली होती. मला वाटलं, आभार मानायला आली.

"सायेब, चांदी सापडनी म्हणतस. कोनी देखी?"

मी तिला समजावलं की मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. म्हातारीचा अर्ज करून दिलाय, होळीआधी मिळेल.

"पथारीवर म्हणतस, पोलिसस्नी हिले मारं, मंग हिनी काढी दिन्ही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चोर पकडला, त्याला न्यायालयात उभा केला, कागद सगळे चोख. पण पथारीवरच्या माणसांनी फक्त एकच गोष्ट पाहिली होती, पोलिसांच्या गाडीत बसलेली ती मुलगी. बाकीचं सगळं ट्रकमागे, शेजारच्या पथारीवर आणि आमच्या कागदांत झालं होतं.

"मी मुकादमाला फोन करून सांगतो," मी म्हटलं.

"मुकादमले सांगीसन काय व्हई? गाडीमा बसाडीसन लई गयात ते सर्वास्नी देखं. आते गाडीमाच बसाडीसन परत लई चला."

टेबलाशी बसलेला हवालदार हसला. "गाडी काय रिक्षा शे का?" तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. ठाण्याच्या पायरीवर उभं राहून माझ्या चुकीचा हिशेब इतक्या सरळ शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. मला लाज वाटली, हे इथे स्पष्टच लिहितो.

मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, 'साक्षीदारांना तपासाची माहिती देण्यासाठी रवाना', आणि टोपी घातली. महिला शिपाई मागे बसली, मुलगी पुढे माझ्या शेजारी. पथारीचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "हॉर्न मारा."

"का?"

"बाया खाल देखीसन काम करतस."

मी जीपच्या ड्रायव्हरला हॉर्न मारायला सांगितला. त्यानं एकदा वाजवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्यानं हात काढलाच नाही. ओळीतल्या एकेका बाईनं मान वर केली. तिकडे मिरची उलटवणारे पुरुष थांबले. मी खाली उतरलो आणि गावच्या भाषेत मोठ्यानं सांगितलं, "हिनी चांदी लिन्ही नही. लेनारा सापडना, तो ट्रकना क्लीनर व्हता. हिले ठाणामा लई जावानं काम नव्हतं. ती मन्ही चूक शे."

मागे महिला शिपाई शिंकली. मुलगी उतरली आणि ओळीच्या टोकाला, आपल्या जागी जायला लागली. तेव्हा म्हातारी उठली. तिनं टोकाला पडलेलं मुलीचं बसायचं पोतं उचललं, आणून आपल्या पोत्याला लावून टाकलं, आणि पुन्हा खाली बसून देठं खुडायला लागली. मुलगी क्षणभर उभी राहिली, मग तिथे बसली.

लग्न होळीनंतर झालं, असं मुकादमाकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं आणि असायचं काही कारणही नव्हतं.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. आपल्या गावाची आपल्याला इतकी सवय झालेली असते की तिथलं वेगळेपण आपल्या नजरेतून निसटतं. त्यासाठी शेजारी एखादा परका लागतो, आणि त्यानं बोललं तर ऐकायची तयारी लागते. दुसरी गोष्ट मी निवृत्तीच्या दिवशी नव्या अधिकाऱ्याला चार्ज देताना सांगितली. शस्त्रं मोजून दिली, मुद्देमालाची खोली दाखवली, किल्ल्या दिल्या आणि म्हटलं, निर्दोष निघालेल्या माणसाला ज्या गाडीतून आणलं त्याच गाडीतून, दिवसाउजेडी, परत सोडायचं.

तो तरुण होता, हुशार होता. त्यानं विचारलं, "सर, असा नियम आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि वळणावर हॉर्न मारायचा."