अक्षरी एक फक्त

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या ऑफिसात होते. "गौरी, सुनीती गेली. चहा घेता घेता..." पुढे त्यांना बोलवेना. मी ऑफिसच्या सवयीने "जा... जा..." म्हणत राहिले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, की मराठीत मी माझ्या जाऊबाईंना चक्क जा म्हणत होते. तो शब्द अजून टोचतो.

डॉ. सुनीती, माझ्या थोरल्या जाऊबाई. शरीराची प्रतिकारशक्ती हा त्यांचा विषय. ती रोगाशी लढायचं सोडून आपल्याच सांध्यांवर उठते, तेव्हा तिला आवरायचं कसं, यात त्यांनी उभी हयात घातली. "घरातल्यांवरच तोंड टाकते, अगदी तुझ्यासारखी," असं मला चिडवायच्या. औषधाचा एकच थेंब दिला तर शरीर शांत होतं, हा त्यांचा गाजलेला शोध. तो विद्यार्थ्यांना शिकवला जाई. एका हॉस्पिटलात तर त्याच्या भरवशावर पेशंटांना औषध सुरू होणार होतं.

अशातच एका रविवारी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. लसणीची चटणी करावी तर त्यांनीच. बरणीवर तिखटाचा आकडा घालायच्या, एक म्हणजे अगदी मवाळ. तो एक मात्र मराठी. "इंग्रजी एकाची आपली नुसती काठी जर्मनांना कळत नाही, आणि त्यांचा चोचवाला एक मला सात वाटतो," हे त्यांचं कारण. ती मवाळ बरणी मी शेजारच्या बाउअरबाईंना दिली होती. बाई ती न उघडताच परत घेऊन दारात उभ्या. "नॉइन? नाइन, डांके." नऊ? नको गं बाई! मराठी १ त्यांनी नऊ वाचला होता.

मी खो खो हसले. जाऊबाईही हसल्या, आणि मधेच थांबल्या. बरणी हातात घेऊन त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "गौरी, उंदरांना किती थेंब द्यायचे, ते मी नळीवर असंच लिहायचे. देणारा सहायक जर्मन होता..."

एकाच्या जागी त्याने नऊ दिले असतील, तर सगळा शोधच खोटा. तो सहायक तर कधीच वारला होता. विचारणार कोणाला? भाऊजींना कळवलं, तर ते म्हणाले, "आधी खात्री कर, मग तोंड उघड. इतक्या वर्षांचं नाव आहे."

"अहो, तोवर पेशंटांनी चालू गोळ्या बंद केल्या तर?" आणि तिथूनच त्यांनी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना घरी फोन लावला. एरवी अस्खलित जर्मन बोलणाऱ्या जाऊबाई त्या दिवशी शब्दाशब्दाला अडखळत होत्या.

मग सगळा प्रयोग पुन्हा. कित्येक आठवडे जीव टांगणीला. ताटावर बसायच्या, भात चिवडायच्या, फोन वाजला की दचकायच्या. मला त्यांचा संताप यायचा. "अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय," मी म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "माझ्याच पायावर पडू दे. पेशंटच्या नको."

अखेर निकाल आला. एका थेंबाने काहीही होत नव्हतं.

त्यांनी आपला शोधनिबंध स्वतः मागे घेतला आणि त्याचं कारण छापलं तेही सरळ: अक्षर माझं, चूक माझी. नंतर परिषदांची बोलावणी थांबली. ज्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलं, तेही फोन घेईनात. मी इथे बसून त्या सगळ्यांना शिव्या घालत होते. जाऊबाई मात्र रोज लॅबमध्ये जाऊन पहिल्यापासून मोजत होत्या. पुढे जे हाती लागलं ते लहान होतं, पण खरं होतं.

तेव्हापासून त्यांच्या लॅबमध्ये आकडा एकटा लिहायचा नाही, असा दंडक झाला. आपण चेकवर लिहितो तसा शेजारी अक्षरी हवाच. हा शब्द त्यांनी जर्मन पोरांनाही शिकवला. परवाच्या शोकसभेत त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. आता त्यांच्या स्वतःच्या लॅब आहेत. एक उंच, टक्कल पडलेला गृहस्थ मला म्हणाला, "बाय उन्स आउख... अक्षरी." आमच्याकडेसुद्धा. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

त्यांनी शेवटची दिलेली चटणी माझ्या फ्रिजमध्ये आहे. आमचे हे म्हणतात, उघड, खराब होईल. होऊ दे. आता तशी दुसरी कुठून आणू? झाकणावर १, आणि शेजारी त्यांच्या ठसठशीत अक्षरात, चेकवर असतं तसंच: अक्षरी एक फक्त.