दुखवट्याच्या साड्या

मंगळवारी दुपारी आबांना मिलमध्ये फोन आला. माझा भाऊ मेला होता. तो जंगलात रस्त्याच्या कामावर पहारा देत होता. सुरुंग फुटला. आबांनी मला शाळेत फोन केला. मी वर्ग सोडून घरी गेले. माय आणि भावजय भाजी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं.

आम्ही उधन्यात, तापीकाठच्या गुजराती शहरात राहतो. माय-आबा लग्नानंतर धुळ्याकडून इथे आले. आबा तेव्हापासून साड्यांच्या छपाईच्या मिलमध्ये घडी खात्यात आहेत. छापून, वाळून आलेल्या साडीची घडी घालायची, वर कागद लावायचा, पिशवीत सरकवायची. मी मराठी शाळेत शिकवते. भाऊ माझ्याहून लहान. बारावीनंतर काही दिवस तो भरतकामाच्या मशीनवर बसला. मशीनवर धागा तुटला की जोडायचा, एवढंच काम. "ताई, जन्मभर धागाच जोडायचा का?" म्हणाला, आणि पहाटे कालव्याच्या रस्त्यावर धावायला जाऊ लागला. भरती झाला तेव्हा गल्ली त्याला फौजी म्हणायला लागली. खरं तर तो फौजेत नव्हता, पोलीस दलात होता. आणि त्याला सरहद्दीवर नव्हे, देशाच्या पोटातल्या जंगलात पाठवलं होतं.

तिथे जे चालतं त्याला कुणी युद्ध म्हणत नाही. पेपरात चकमक म्हणतात, मोहीम म्हणतात. पण बंदुका दोन्हीकडे आहेत, मेलेल्यांच्या आया दोन्हीकडे आहेत, आणि मारणारे-मरणारे एकाच देशात जन्मलेले आहेत. भावाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. छावणीमागच्या टेकाडावर चढलं की त्याला रेंज मिळायची. मायशी तो जेवणाबद्दल बोलायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, यंदा भरताची वांगी मिळाली का. माझ्याशी कधीकधी दुसरंही बोलायचा.

"ताई, काल एका घराची झडती घेतली. कणगी उलटी केली. आम्ही उभेच होतो, आणि घरातली बाई आमच्या बुटांमधून तांदूळ वेचत होती. मायसारखीच उकिडवी."

"कणगीत काही सापडलं?"

"तांदूळ," तो म्हणाला.

मग फोन कटला.

त्याची पेटी आली ती बंद. सोबतच्या अधिकाऱ्यानं आबांपुढे हात जोडले, "उघडू नका, बाबा." आबांनी मान हलवली. भावजयीनं पेटीच्या कडेवर हात ठेवला आणि तिथेच बसून राहिली. ती जळगावची. त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि त्यातला बराच काळ तो जंगलातच होता. बाहेर गल्लीत घोषणा चालू होत्या, शेजारच्या देशाच्या नावानं. या मरणाशी त्या देशाचा काही संबंध नव्हता. उघड्या जीपच्या बॉनेटवर चढून ओरडणाऱ्या एकानं खाली उतरून मला विचारलं, "दीदी, भाई कौनसे बॉर्डर पे थे?" मी जागेचं नाव सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला, "मतलब इंडिया में ही?" दुकानात शिरून किंमत ऐकल्यावर माणसाचं तोंड पडतं तसं त्याचं तोंड पडलं. पण घसा तापलेला होता. तो पुन्हा वर चढला आणि त्याच देशाच्या नावानं ओरडू लागला.

आमच्याकडे तेराव्याला गंधमुक्ती होते, सुतक फिटतं. त्या दिवशी सोयरे दुखवटा आणतात. पुरुषांना टोपी-टॉवेल, बायकांना साडी. आणलेलं कापड माणसाच्या अंगावर घालतात. तुमच्या दुःखात आम्ही आहोत, आता उठा, कामाला लागा, असा त्याचा अर्थ. विधवेला पहिली साडी माहेरची. बाकीच्या नंतर खांद्यावर टाकतात. दुखवटा नाकारत नाहीत. नाकारला तर समोरच्याचं येणंच नाकारल्यासारखं होतं. लहानपणापासून मला आपल्या रीतींमधली ही एक रीत शहाणी वाटत आली होती.

आमच्या सोसायटीच्या मैदानात मांडव घातला होता. भावजयीचा भाऊ जळगावहून फिक्या राखाडी रंगाची साधी साडी घेऊन आला. ती नेसून ती बायकांत बसली. माणसं जेवायला उठणार एवढ्यात आबांच्या मिलचे शेठ आले. मागे दोन माणसं खोकी घेऊन, त्यांच्यामागे फोटोग्राफर. शेठ स्वतः वाकून मायच्या पाया पडले, हे खरं आहे. मग त्यांनी खोकं उघडायला लावलं.

साड्याच होत्या. वर केशरी, खाली हिरवी, मध्ये पांढरा पट्टा. अंगभर रणगाडे, विमानं आणि बर्फाचे डोंगर. माझ्या भावानं बर्फ कधी पाहिलाच नव्हता. पदरावर त्याचा चेहरा, हातभर मोठा, डोक्यावर चिकटवलेलं हेल्मेट. खाली हिंदीत 'शत शत नमन'. आणि तोच चेहरा लहान करून, गोल चौकटीत बसवून, साडीभर पेरलेला. काठालाही तोच.

आबांनी शेठना मोबाइलवरचा फोटो पाठवला होता. श्रद्धांजलीची पाटी करू, असं त्यांना सांगितलं होतं. फोटो लग्नातला होता. छापणाऱ्यानं मुंडावळ्या पुसल्या होत्या आणि शेजारी उभ्या असलेल्या भावजयीला कापून टाकलं होतं. तिची बोटं मात्र राहिली होती. भावाच्या खांद्यावर मेंदीची चार बोटं, कुणाची ते कळू नये अशी.

"बा, आ साडी नथी, सन्मान छे," शेठ मायला म्हणाले. साडी नव्हे, सन्मान. मिलमध्ये खास छापून घेतल्या, इथल्या प्रत्येक बहिणीला एकेक. बायकांमध्ये कुजबुज झाली, हात पुढे आले. आजही ते हात आठवले की माझ्या तोंडात पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं. लोक वाईट नव्हते. फुकटची साडी होती आणि कापड चांगलं होतं.

शेठनी एक साडी उलगडून भावजयीच्या खांद्यावर टाकली. फोटोग्राफर म्हणाला, "बहन, जरा पल्लू आगे लो, चेहरा दिखना चाहिए."

भावजयीनं साडी खांद्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली.

आबांची बहीण, आमची फुई, तिच्या शेजारीच होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अशी काय करस व? दुखवटा कोनी नाकारस का? लोके काय म्हनतीन?"

"माहेरची नेसले आहे, फुई. रीत झाली."

"शेठ मोठा मानूस शे. दोन मिनिट नेस, फोटो काढू दे, मंग सोडी टाक."

मायही म्हणाली, "नेस व माय. त्यान्ही मानथीन आनेल शे." त्यानं मानानं आणली आहे. माय खोटं बोलत नव्हती. तिला त्या क्षणी तसंच वाटत होतं. तिच्या मुलाचा चेहरा तिला इतक्या दिवसांनी दिसत होता.

भावजय उभी राहिली. तिनं साडी दोन्ही हातांनी पसरून धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मायला विचारलं, "आई, ही नेसून मी बसू कुठे? ह्यांच्या तोंडावर बसू?"

मग फुई म्हणाली, "पोर येडी व्हई गयी." तेवढ्यानं सगळ्यांची सोय झाली. शेठ म्हणाले, "दुःख छे, दुःख छे," आणि फोटोग्राफरनं भावजयीऐवजी मायचा फोटो काढला, तिच्या खांद्यावर ती साडी टाकून, पदर पुढे ओढून. उरलेली खोकी वाटली गेली.

त्या दिवशी ती साडी नेसली नाही, म्हणजे प्रश्न संपला असं मला वाटलं होतं. पण कापड चांगलं होतं, हे मी वर लिहिलंच आहे. ते विटत नव्हतं, फाटत नव्हतं. आठवड्याभरानंतर खालच्या मजल्यावरच्या मावशी ती नेसून भाजी घ्यायला निघाल्या. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "बघ, दोनदा धुतली, रंग हलला नाही. तुझ्या आबांच्या मिलचा माल म्हणजे काय!" माझा भाऊ त्यांच्या निऱ्यांमध्ये दुमडत-उलगडत जिना उतरला. मग तो एका गॅलरीत पडदा झाला. एका स्कूटरवर ऊन लागू नये म्हणून टाकलेला दिसला. समोरच्या चाळीत त्याची झोळी केली, तिच्यात बाळ मुतलं आणि झोळी दोरीवर वाळत घातली. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. हेतू असता तर भांडता आलं असतं.

भावजय खिडकीत बसेना झाली. एके दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मला त्या परत पाहिजेत. सगळ्या."

"लोक देतील?"

"मागितल्याशिवाय कसं कळेल? तुम्ही चला सोबत."

आम्ही दारोदार गेलो. बदली म्हणून बाजारातून साध्या साड्या घेतल्या होत्या. काहींनी लाजून लगेच दिली. एकीनं दारातच विचारलं, "दिलेलं दान परत मागतात का गं?" दुसरी म्हणाली, "माझी गावी पाठवली, जाऊबाईंना." खालच्या मावशींनी मात्र अंगावरची होती तीच सोडून दिली. आत जाऊन गाउन घालून आल्या आणि घडी हातात ठेवताना म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस?" भावजय त्यांच्या गळ्यात पडून रडली. पेटी आली त्या दिवशीसुद्धा मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

आम्ही घरी आलो तेव्हा आबा जेवत होते. साड्यांचा गठ्ठा बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. भावजय म्हणाली, "आबा, शेठना सांगा, यापुढे छापू नका. तेवढंच सांगा."

आबांनी हात धुतले. पुसत पुसत भिंतीकडे बघून म्हणाले, "माल बिहारले गया, बेटा. मांडवना आधीच गया."

मांडवातल्या साड्या हा नमुना होता. मोठा लॉट तेव्हाच निघाला होता, आणि आबा कामावर परतल्यावरही छपाई चालूच होती. सणासुदीला असा माल चालतो. घडी खात्यात कुणीतरी त्या साड्यांच्या घड्या घातल्या असणार. कुणी, ते भावजयीनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आबा स्वतःच म्हणाले, "मी पदर मधमा घाली घडी करू. तोंड दिसाले नको." पदर आत घालून ते घडी करत होते, म्हणजे चेहरा वरून दिसू नये. मग ते बाजूला सारलेल्या ताटासमोर पुन्हा जाऊन बसले.

ते शेठकडे गेले. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच ते काही मागायला ऑफिसात गेले असतील. शेठनी चहा पाजला. म्हणाले, डिझाइन बंद करतो, पण मार्केटमध्ये दुसऱ्यांनी कॉपी मारली आहे, ते माझ्या हातात नाही. ते खरंच असावं. रिंगरोडच्या एका दुकानात मी ती साडी पाहिली. चेहरा माझ्या भावाचा, हेल्मेट वेगळं, बोटं नीट पुसून काढलेली. विक्रेता म्हणाला, "दीदी, शहीद आयटम है, एकदम फास्ट जा रहा है." मी बाहेर येऊन फुटपाथवर बसले. बऱ्याच वेळानं उठले.

परत आलेल्या साड्यांचं काय करायचं यावर घरात बोलणं झालं. फुई म्हणाली तापीत सोडा. भावजय म्हणाली, नदीत सोडल्या तर खाली कुणाच्या तरी जाळ्यात लागतील. शेवटी आबांनी रविवारी दुपारी गच्चीवर पत्र्याच्या डब्यात एक साडी पेटवली. ते कापड सुती नव्हे. ते जळत नाही, वितळतं. चेहरा आधी आक्रसला, मग काळा होऊन थेंबाथेंबानं गळायला लागला, आणि असा वास सुटला की आजूबाजूच्यांनी खिडक्या लावल्या. बंद पेटीत काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मायनं तो डबा पाहिला आणि तिला कळलं. तिनं बादलीभर पाणी ओतलं. "बस," ती म्हणाली, "मना आंडोरले आते परत जाळू नका." आंडोर म्हणजे मुलगा. त्यानंतर तिनं मानाची गोष्ट कधी काढली नाही, आणि तिच्या वाट्याची साडी तिनं स्वतःच्या हातानं गठ्ठ्यावर आणून ठेवली.

भावजय आमच्याजवळच राहते. शिवणाचा क्लास करते. आबा अजून त्याच मिलमध्ये जातात, माझी शाळा चालू आहे. जंगलातही ते चालूच आहे. अधूनमधून पेपरात आतल्या पानावर बातमी येते, कधी इकडचे मेले, कधी तिकडचे.

साड्यांचा गठ्ठा दिवाणाच्या पेटीत आहे. वर आम्ही झोपतो.