तीस चेंडू आणि दाजींचा मिट

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, तोरिगोए मासाजी, सव्वीस वर्षं बेसबॉलच्या एका बड्या संघात होता आणि त्या सव्वीस वर्षांत एकही सामना खेळला नाही. लग्नाच्या वेळी आमचे वडील गावभर सांगत सुटले होते की खेळाडू जावई मिळाला. मग मरेपर्यंत ते टीव्हीवर त्याला शोधत राहिले. दाजी कधी दिसले नाहीत. चेंडू टाकणारा पिचर सामन्याआधी ज्या कोपऱ्यात हात मोकळा करतो, तिथे कुंपणामागे उकिडवे बसून ते चेंडू झेलत असायचे.

अठराव्या वर्षी ते कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून झेलणारा, म्हणून संघात आले. तेविसाव्या वर्षी संघाच्या साहेबांनी सांगितलं, "खेळणं तुझ्या नशिबात दिसत नाही. नुसतं झेलायचं असेल तर राहा." दाजी राहिले. पाठीवर नंबर होता एकशे अठरा. एवढा मोठा नंबर ज्याच्या पाठीवर असतो, त्याचं नाव कुणी विचारत नाही.

पण त्यांच्याकडे एक विद्या होती. कॅचरच्या जाड चामडी हातमोज्याला मिट म्हणतात. चेंडू मिटच्या नेमक्या खळग्यात बसला की फाडकन् आवाज होतो. तो ऐकला की पिचरला वाटतं, आज आपण कुणाला ऐकत नाही, आणि मग तो खरंच तसा टाकतो. आमच्याकडे जपानात सामन्याआधी झेलणाऱ्याचं कामच ते. चेंडू भलतीकडे गेला तरी दाजींचा मिट शेवटच्या क्षणी तसूभर सरकायचा आणि फाडकन्! वर "झकास!" अशी आरोळी. संध्याकाळी बहीण त्यांचं सुजलेलं डावं बोट बर्फाच्या पाण्यात धरून बसायची. त्या बोटाला आता गरम-गार काही कळत नाही.

शिओदा रिकुतो संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. एक चेंडू बिघडला की स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहायचा. दाजींनी त्याला नऊ वर्षं रोज आवाज दिला आणि माणसात आणला. त्याचा हुकमाचा चेंडू म्हणजे 'पडता': दोन बोटांत अडकवून सोडलेला, सरळ येतो आणि ऐन वेळी फलंदाजाच्या गुडघ्याखाली पडतो. देशातले भलेभले त्यावर हवेत बॅट फिरवून परत गेले. मग अमेरिकेतून बोलावणं आलं. निघताना तो दाजींना म्हणाला, "काका, तुमचा मिट मला तिकडं कुठं मिळणार!" दाजी नुसते हसले. तेव्हा ते हसणं मला साधं वाटलं होतं.

माझं न्हाव्याचं दुकान आकाशीच्या मासळीबाजारात आहे. अमेरिकेतला सामना आमच्याकडे सकाळी दिसतो, त्यामुळे त्या एप्रिलपासून आठलाच दुकान भरायचं. केस कुणालाच कापायचे नसायचे, सगळे टीव्हीला चिकटलेले. पहिल्याच सामन्यात फलंदाजांनी शिओदाचे तीन चेंडू प्रेक्षकांत टोलवले. मेमध्ये लोक टीव्हीकडे बोटांच्या फटीतून बघायला लागले. जूनमध्ये त्याला खालच्या संघात धाडलं.

"तिकडचा चेंडू गुळगुळीत असतो," समोरचा ऑक्टोपसवाला म्हणाला.

"पिचर उभा राहतो तो उंचवटाही कडक असतो म्हणे," दुसरा कुणी म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. दाजी माझ्या खुर्चीत होते, गळ्यावर माझा वस्तरा. ते एवढे दचकून हलले की मी हात झटक्यात मागे घेतला.

"दाजी, हलू नका! ताईला काय तोंड दाखवू मी?"

दुकान रिकामं झालं तरी दाजी फेस लावलेलेच बसून राहिले.

"केन्जो, त्याचा चेंडू पडत नाही."

"ते आता सगळ्या जगाला दिसतंय."

"दोन वर्षं पडत नाही. इथं होता तेव्हापासून. मिटमध्ये कळायचं मला. मी मिट वर नेऊन आवाज काढत होतो."

"आणि इथले फलंदाज? ते कसे बाद व्हायचे?"

"त्याच्या नावाला भिऊन बॅट फिरवायचे. तिकडं त्याचं नाव कुणाला माहीत नाही."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

"सामन्याच्या तोंडावर पिचरला असं कुणी सांगतं का?"

"आणि सामना संपल्यावर?"

दाजी गालावरचा फेस पुसायला लागले. मला संताप आला आणि मी तो गिळलाही नाही. म्हणालो, "पोराचं भलं करताय असं दाखवून तुम्ही त्याला खोटं ऐकवलंत." अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठून गेले. तीन महिने दुकानात फिरकले नाहीत. ताईनं घरीच त्यांचे केस कापले, तेही असे की रस्त्यात बघवत नव्हतं.

डिसेंबरात शिओदा परत आला आणि त्यानं दाजींना फोन केला. अमेरिकेतल्या संघानं फेब्रुवारीच्या सरावाला बोलावलं होतं, पण जागेची खात्री नव्हती. इकडे एक संघ त्याला मानानं घ्यायला तयार होता. त्यांना सोमवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं होतं.

"सकाळी तीस पडते टाकतो, काका. तुम्ही झेला. तुमचा मिट बोलला तर अमेरिका, नाही बोलला तर इथंच सही करतो."

दाजी रविवारी माझ्या दारात आले. "उद्या फलंदाज म्हणून उभा राहशील?"

"मी? चाळिशीत?"

"बॅट फिरवायची नाही. फक्त उभं राहायचं." मग म्हणाले, "माझ्या एकट्याच्यानं नाही होणार."

सोमवारी समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. शाळेचं मैदान रिकामं होतं. मी बॅट घेऊन उभा राहिलो. दाजी माझ्यामागे बसले, मिट गुडघ्याखाली धरला आणि पुटपुटले, "आज हा हलणार नाही."

पहिला चेंडू माझ्या मांडीजवळून सणसणत गेला. भद्द. मिटच्या वरच्या कडेला लागला होता. दुसरा, भद्द. तिसरा दाजींच्या मनगटावर. ते हूं की चूं करेनात. चौथा खाली पडला आणि फाडकन् वाजला. शिओदाचा चेहरा उजळला, आणि मग सलग नऊ भद्द.

सतराव्या चेंडूनंतर तो ओरडला, "काका! हात म्हातारा झाला का तुमचा?"

मी मनात म्हणत होतो, बोला हो, आता तरी बोला. आणि खरं सांगतो, त्याच वेळी हेही वाटत होतं की काढा एकदाचा तो आवाज आणि सोडवा सगळ्यांना.

दाजी उठले. "हात तोच आहे. तुझा चेंडू दोन वर्षं पडत नाही. मी मिट हलवून आवाज काढत होतो. माझं चुकलं."

शिओदा हातातला चेंडू बघत राहिला. मग त्यानं उरलेले तेरा एकामागून एक असे फेकले की मी बॅट टाकून बाजूला झालो. दाजी तिथेच बसून राहिले. एक अंगठ्यावर बसला, तेव्हा कण्हले, पण मिट तिथेच होता. तिसात चारच चेंडू फाडकन् वाजले.

बाराला दहा मिनिटं कमी होती. शिओदा गाडीकडे गेला. दुरून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फोनवर झुकलेली मान तेवढी दिसत होती. दाजी मातीत बसून अंगठा दाबत होते. "गेलं, केन्जो," म्हणाले. "नऊ वर्षं सांभाळलेलं पोर गेलं हातचं."

तो परत आला. डोळे लाल होते.

"नाही म्हणून सांगितलं इथल्या संघाला."

"अरे, पण चारच वाजले!"

"म्हणूनच, काका. इथं राहिलो तर सगळे मला आवाज काढून देतील." त्यानं जमिनीवरची माझी बॅट उचलून माझ्या हातात दिली. "पुन्हा एकपासून. मिट हलवू नका."

त्यानंतर रोज सकाळी तीस. दाजींचा अंगठा काळानिळा पडला, ताई मला शिव्या घालत दोघांसाठी ऑक्टोपसचा भात पाठवत राहिली. कधी पाच चेंडू वाजले, कधी तीन, कधी सात. एके दिवशी तर एकच.

निघायच्या आदल्या दिवशी मीच मोजलं. "अकरा," मी म्हणालो, आणि तिसात अकरा म्हणजे काहीच नाही म्हणून मान खाली घातली.

शिओदानं टोपी काढली आणि दाजींपुढे कमरेत वाकला, बराच वेळ.

"शेवटची दोन वर्षं तुम्ही मला रोज तीसच्या तीस आवाज दिलेत, काका. त्यातला एकही माझा नव्हता. हे अकरा माझे, ते घेऊन जातो."

दाजींना मिट काढता येईना, आत हात एवढा सुजला होता. मी ओढून काढला, तेव्हा ते रडत होते आणि मला म्हणत होते की दुखतंय.