सातव्या नियमाप्रमाणे

“आवं मास्तर, सोडून तरी बघा की,” म्हणत आबांनी माझ्या टेबलावर लाल रुमालाचं गाठोडं ठेवलं. मी गाठ सोडली. आत पोथीच्या दोन लाकडी फळ्या होत्या, माझ्या चांगल्या ओळखीच्या. मधली पानं मात्र छापील, नव्या पंचांगासारखी करकरीत.

साताऱ्यात धार्मिक इतिहासाच्या एका ग्रंथालयात मी तेव्हा ग्रंथपाल होतो. महायुद्धाचे दिवस. आबा तासगावकडचे ऊसवाले शेतकरी, धाकटा मुलगा पलटणीत. त्यांच्या घरी एका मोडलेल्या मठाची हस्तलिखित पोथी होती. ती त्यांनी आम्हाला दिली, पण एका अटीवर: चातुर्मासात वाचायला घरी न्यायची, कार्तिकात परत आणायची.

पोथीतलं संतचरित्र बाजारात छापील मिळत होतं. मोल होतं ते समासाचं, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेचं. मठाच्या एकेका स्वामीने तिथे बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या. दुष्काळ कधी पडला, गादी कुणाला दिली, कोण रुसून निघून गेलं. त्या मठाचा इतिहास दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता. सांगलीचे एक निवृत्त हेडमास्तर तो उतरवून घ्यायला आषाढातच, पोथी आबांकडे जाण्याआधी, येणार होते. मीच त्यांना कार्ड टाकलं, ‘कार्तिकात या. घाई काय, पोथी कुठे पळून जाते?’

“आबा, जुनी पानं कुठं आहेत?”

“कृष्णामाईला दिली की. हरिपूरला, संगमावर.”

“काय?” मी ओरडलोच. वाचकांनी माना वर केल्या. शांतता पाळावी, हा नियमही माझाच होता.

“आवं, लय कसर लागली हुती. पान उचलाय गेलं की तुकडा हातात. देवाचं असं मोडकंतोडकं ठिवत्यात व्हय घरात? हार घातला, आरती केली, समदं गाव आलं हुतं. तुमची दारावरची पाटी मी वाचून घेतली हुतीच. धाकट्यानं रजेत पुण्यास्नं ही नवी आणली. लढाईपायी कागुद न्हाई म्हणं, तीन चकरा मारल्या पोरानं. फळ्या चांगल्या हुत्या, त्या ठिवल्या. पानं मोजून घ्या, एकबी कमी न्हाई.”

पाटीवरचे नियम मी लिहिले होते. हात धुऊन बसावे. दौत आत आणू नये. थुंकी लावून पान उलटू नये. आणि सातवा: घरी नेलेला ग्रंथ खराब झाल्यास त्याच ग्रंथाची नवी प्रत भरून द्यावी. हा मी गावातल्या कादंबऱ्यांच्या वाचनालयातून जसाच्या तसा उचलला होता. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते खरं आहे.

मी कार्यवाह नानासाहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगून म्हणालो, “आबांवर दावा लावा.”

नानासाहेबांनी विचारलं, “सातवा नियम कुणी लिहिला?”

“मी.”

“मग दावा कुणावर लावू?”

मी बाहेर आलो. माझा चेहरा बघून आबा उठून उभे राहिले. “मास्तर, काय चुकलं का आमचं?”

मला रडू येत होतं आणि त्यांचा भयंकर रागही आला होता. पण त्या माणसाने सगळं देवासाठी केलं होतं, आणि वर माझा नियमही पाळला होता.

“नाही आबा,” मी म्हणालो. “नियमाप्रमाणेच आहे.”

वहीत ‘पोथी परत मिळाली’ असं लिहून मी सही केली. आबांनी नव्या पोथीला डोकं टेकवलं आणि समाधानाने दुपारच्या गाडीला गेले.

सोमवारी हेडमास्तर आले. चार पेन्सिली टोक करून आणल्या होत्या. मी घडलेलं सांगितलं आणि त्यांच्यापुढे फळ्या ठेवल्या. त्यांनी त्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या, पुन्हा रुमालात बांधल्या.

“घाई नव्हतीच म्हणा,” ते म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

सातवा नियम मी त्याच दिवशी खोडला. नियम करताना मी चोरांचा विचार केला होता, विसरभोळ्यांचा आणि तंबाखू खाणाऱ्यांचाही. भाविक माणूस माझ्या डोक्यातच आला नव्हता. नवा नियम मग मी स्वतःसाठी केला आणि टेबलासमोर चिकटवला: उतरवून घ्यायला कुणी आलं तर ‘नंतर या’ म्हणू नये.