मामीनं भरवलेलं लेस-संमेलन

आमची मामी नीट मांडी घालून बसलेली आहे, असं दृश्य ज्यानं पाहिलंय असा माणूस सबंध दौंडात शोधून सापडायचा नाही. ती बसायची नाही, टेकायची. पाटाच्या कडेला, पायरीच्या टोकाला, खाटेच्या काठावर, म्हणजे चटकन उठता येईल अशा बेतानं टेकायची आणि टेकता टेकताच तिला काहीतरी आठवायचं. जेवायला आमच्याबरोबर बसली, की पहिल्या घासाला मीठ आणायला उठायची, दुसऱ्याला पाणी आणायला, आणि तिसरा घास हातातच धरून शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईला निरोप सांगून यायची. मामा रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर डब्यात हिंदकळून घरी आलेल्या त्या माणसाला घर तरी स्थिर असावं असं वाटे, पण तिथे ही. "अगं, दौंडाला इंजिनसुदिक पाणी प्यायला थांबतं, तू कवा थांबणार?" असं ते विचारायचे. "इंजिनाला घरची कामं असत्यात व्हय?" असं म्हणत मामी तोवर अंगणात पोचलेली असे.

आता अशा बाईनं आयुष्यात कोणता छंद धरावा? धावण्याचा धरला असता तर आम्ही समजू शकलो असतो. मामीनं धरली लेस, आणि तीही साधी क्रोशाची नव्हे, उशीवरची. तिचं माहेर केडगावचं. वडील स्टेशनावर सांधेवाले होते. तिथल्या मिशनमध्ये एक म्हाताऱ्या मडम गावातल्या मुलींना ही विद्या शिकवत. घट्ट भरलेली गोल उशी, तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला कागद, भोकाभोकांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांभोवती फिरवायच्या दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिना. डावी उजवीवरून, उजवी डावीवरून, पीळ, टाचणी, पुन्हा डावी. वीतभर झालर व्हायला दिवसच्या दिवस जातात. एखाद्या योग्यालाच जमावं असं हे काम. मामीनं त्यातूनही आपली वाट काढली होती. तिनं घरात तीन उशा मांडून ठेवल्या होत्या. एक खिडकीच्या कट्ट्यावर, एक धान्याच्या कणगीवर आणि एक मोरीच्या भिंतीवर. जाता-येता उभ्यानंच दोन वळसे द्यायचे आणि पुढे सटकायचं. भात उतरवायला जाताना एक टाचणी, ताटं घ्यायला येताना दुसरी. त्या घरात सकाळपासून बॉबिनांची खुटखुट चालू असे आणि विणणारी कुठेच दिसत नसे.

अशी जी झालर तयार व्हायची ती कुठेतरी लागलीच पाहिजे. रेडिओला झालर होती, घड्याळाला होती, पाण्याच्या माठाला होती. देवाच्या पाटाला लावली, मग पोळपाटाच्या फडक्याला लावली. एक दिवस मामा ड्यूटीवर गेले आणि त्यांनी ऐटीत हिरवी झेंडी काढली, तर तिच्या तिन्ही कडांना पांढरीशुभ्र लेस! मालगाडीचा ड्रायव्हर गाडी हलवेना. मान बाहेर काढून म्हणाला, "गार्डसाहेब, सिग्नल हाय का कुणाचं बारसं हाय?" मामा संतापानं लाल होऊन घरी आले. मामीनं झेंडी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "लाल झेंडीला लावायची र्‍हायलीच की!"

प्रवासात तर तिची उशी मांडीवर असायचीच. धुळीनं दोरा मळू नये म्हणून शालीत गुंडाळलेली, छातीशी धरलेली. एकदा चौफुल्याला गाडी बदलून बसल्यावर शेजारच्या बाईला कळवळा आला. "लई येळ झाला, हुं की चूं न्हाई, बरं हाय न्हवं लेकराला?" असं म्हणून तिनं मायेनं थोपटलं आणि किंचाळून उठली. पन्नासेक टाचण्या होत्या आत. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. मामीनं त्या बाईच्या बोटाला पदर गुंडाळला, तिचं माहेर विचारलं, आणि उतरेपर्यंत तिला डावी-उजवी शिकवूनही टाकली.

या सगळ्या धावपळीच्या तळाशी एक दुखरी गोष्ट होती. तिचं नाव यमुना. केडगावला मडमच्या त्या वर्गात या दोघी एकाच उशीवर समोरासमोर बसून विणायच्या. मामी मधेच उठून पळाली, की तिच्याही बॉबिना यमुना फिरवायची आणि मडमला पत्ता लागू द्यायची नाही. मग लग्नं झाली. मामी दौंडला आली, यमुना न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर दिली. सासरे मोठे बागायतदार, घरात खंडीभर माणसं, गोठा भरलेला, ऊसतोड आली की रानात जाणाऱ्या भाकरीच्या दुरड्या. सासरची माणसं वाईट नव्हती, फक्त त्या घरातलं काम कधी संपत नव्हतं. पुढे यमुनाची आई गेली आणि माहेराला जायचं निमित्तही गेलं. मामी दोनदा तिला भेटायला वस्तीवर जाऊन आली होती. दोन्ही वेळा यमुनानं चहा आणून दिला आणि दाराआड उभी राहिली. "नुसती बघत व्हती गं माझ्याकडं," मामी मला सांगायची. "डोळ्याखाली ही काळी वर्तुळं. एक शबूद बोलाया मिळाला न्हाई. तिला एक दिस त्या घरातनं भाईर काढायची हाय मला. एकच दिस."

आणि त्या एका दिवसासाठी मामीनं लेस-संमेलन काढलं. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. मी तेव्हा शिरूरला शाळेत शिक्षिका होते. एका रविवारी पहिल्या एसटीनं मामी उगवली आणि दारातूनच म्हणाली, "पोरी, तुमच्या शाळेचं पटांगण पाहिजे. समदा बेत ठरलाय." बेत असा होता. लग्नाकार्याला बोलवावं तर यमुनाचे सासरे म्हणणार, गुरं कोण बघणार. आपण आजारी आहोत असं कळवावं तर ते एखाद्या दिराला चौकशीला पाठवणार. पण सासऱ्यांच्या मनात पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि हे वर्ष होतं महिला वर्ष. प्रत्येक पुढाऱ्याला बायकांच्या कशाचं तरी उद्घाटन करायचंच होतं. "जिल्ह्याचा मोठा पुढारी आणायचा. पत्रिका छापायची. वर त्याचं नाव, खाली स्वागताध्यक्षा म्हणून यमीचं. मग बघ, सासरा सोता जीपमधी घालून आणतोय का न्हाई!" एवढं सांगून ती पुढच्या एसटीनं परत गेली. चहा तसाच राहिला.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मामी येई, तीन कामं सांगे, त्यांतली दोन स्वतःच उरकून तिसरं बदलून जाई. आमच्या हेडमास्तरांना संमेलनांची भारी हौस. त्यांनी लगेच समित्या नेमल्या. मामी प्रत्येक समितीत होती आणि एकाही बैठकीला पूर्ण वेळ नव्हती. खरी अडचण पुढेच होती. लेस-संमेलनाला लेस विणणाऱ्या बायका लागतात. मिशनमध्ये शिकलेल्या पोरी कुठे कुठे पांगलेल्या, त्यांतल्या मोजक्याच सापडल्या. मग मामीनं दार मोकळं केलं. क्रोशावाल्या आल्या, सुईनं जाळी काढणाऱ्या आल्या, आणि घोडनदीवर मासे धरणारे एक म्हातारे आप्पा आपलं अर्धं विणलेलं जाळं खांद्यावर टाकून आले. हेडमास्तर कुरकुरले, की ही कसली लेस? मामी म्हणाली, "दोऱ्याला भोक पाडतो तो आपला. त्यांची भोकं जरा मोठी हायत, एवढंच." आप्पांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पहिल्या रांगेत जागा धरली.

संमेलनाच्या सकाळी मामी नुसती भिरभिरत होती. मंडपाच्या दाराशी, तिथून चुलाण्यापाशी, तिथून रस्त्यावर. जीपचा आवाज आला की तिचा चेहरा फुलायचा, आणि दुधाची जीप निघाली की विझायचा. "यील ना गं?" हे तिनं मला, आचाऱ्याला, आप्पांना आणि मांडववाल्याला विचारून झालं. आणि मग खरंच जीप आली. पुढे फेटा बांधलेले सासरे, मागे इरकली लुगडं नेसून, अंग चोरून बसलेली यमुना. मामी धावली, पण तिच्या आधी स्वागत समिती धावली. यमुनाच्या हातात ओवाळणीचं तबक आलं, छातीला बिल्ला आला, आणि आधीच येऊन बसलेल्या पुढारी पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तिला नेऊन बसवण्यात आलं. स्वागताध्यक्षा ना ती! मामीनं स्वतःच तिला तिथं छापून ठेवलं होतं. आता व्यासपीठावर यमुना आणि खाली मामी. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, अगदी वस्तीवरच्या त्या चहाच्या वेळेसारख्या.

पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांनी संकरित गाई घेतल्या, पाझरणारे कालवे घेतले, साखरेचा उतारा घेतला. लेस हा शब्द त्यांना शेवटी चिठ्ठी देऊन सुचवावा लागला. मामी खांबामागून खांबामागे फिरत होती. "दुपार चालली की गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "चारला तिचा सासरा जीप काढणार. हा बाबा कवा बसणार?" तिचे डोळे भरून आले होते. मामीला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण रडायलाही जरा थांबावं लागतं.

एकदाचं भाषण संपलं आणि सत्काराची वेळ आली. नारळ होता, हार होता, पण शाल? सत्काराची शाल मामीनं सवयीनं आपल्या उशीला गुंडाळून आणली होती आणि ती उशीसकट माझ्या घरी राहिली होती. हेडमास्तर कुजबुजत्या आवाजात "शाल, शाल" करत घामाघूम झाले. शालीशिवाय सत्कार म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घोर अपमान. प्रदर्शनाच्या टेबलावर एक पांढरी चादर अंथरलेली होती. वर्षानुवर्षं जाता-येता विणलेल्या झालरींच्या पट्ट्या जोडून मामीनं केलेली ती चादर म्हणजे संमेलनातली सगळ्यात मोठी लेस. हेडमास्तरांनी ती झटक्यात ओढली, पाहुण्यांच्या खांद्यावर पांघरली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. ते तसेच, खांद्यावरची चादर सावरत, नमस्कार करत जीपमध्ये बसले आणि धुरळा उडवत निघून गेले.

मग एकच हलकल्लोळ झाला. "मामी, तुमची लेस!" क्रोशावाल्या बायका ओरडत फाटकाकडे पळाल्या. हेडमास्तर धोतर धरून पळाले. आप्पांनी कुणाची तरी सायकल घेतली. यमुनाचे सासरे तर सगळ्यात खूश. पुढाऱ्याला पुन्हा गाठायची आयती संधी! त्यांनी आपली जीप काढली आणि चार माणसं घेऊन मागे लागले. मंडप बघता बघता रिकामा झाला. मीही रस्त्यापर्यंत धावले, आणि मग लक्षात आलं, की सगळ्यांच्या पुढे जिनं असायला हवं ती मामीच कुठे दिसत नाही.

मी परत आले. व्यासपीठामागे सतरंज्यांची चवड होती. तिला टेकून मामी बसली होती. टेकलेली नव्हे, बसलेली, मांडी घालून. यमुना व्यासपीठावरून उतरून तिच्यापाशी आली होती, शेजारी बसली होती, आणि मामीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, छातीवरचा बिल्ला कलंडलेला. मी काही बोलणार तेवढ्यात मामीनं ओठांवर बोट ठेवलं. बाहेर आरडाओरडा चालू होता, चुलाण्यावर चहा उतू जात होता, एक कुत्रं सरळ आत येऊन जिलबीच्या परातीकडे निघालं होतं. मामी हलली नाही. यमुनाच्या डोक्याच्या भारानं खांदा बधिर झाला असणार, नाकावर माशी बसत होती, तरी हलली नाही. सासऱ्यांची जीप रिकाम्या हातानं परत येईपर्यंत ती तशीच होती.

हॉर्न वाजला तशी यमुना दचकून उठली. "आगं बया! मला उठवलं का न्हाईस? किती बोलायचं व्हतं आपल्याला!" तिचा आवाज रडवेला झाला. मामीनं तिचा पदर नीट केला, बिल्ला सरळ केला आणि म्हणाली, "जा आता. मामंजी वाट बघत्यात."

ती चादर काही परत आली नाही. पुण्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात टीव्हीवर पांघरलेली तसली लेस पाहिल्याचं पुढे एकीनं सांगितलं, पण मामीनं चौकशी केली नाही. संमेलनही पुन्हा भरलं नाही. महिला वर्ष संपलं तसा पुढाऱ्यांचा बायकांमधला रस संपला. यमुना आणि मामी त्यानंतर एखाद-दोन वेळाच भेटल्या, त्याही कुणाच्या तरी दहाव्याला. आता त्या दोघीही नाहीत. पण शिरूरच्या स्टँडवरची ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते. मामीला दौंडच्या गाडीत बसवून द्यायला मी गेले होते आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "मामी, एवढा खटाटोप केलास, तुझी एवढी लेस गेली, आणि यमुनामावशी आली ती झोपूनच गेली. एक शब्द बोलणं झालं नाही तुमचं. मला तर रडू येतंय."

मामी गाडीच्या पायरीवर चढली होती. ती थांबली.

"लग्न झाल्यापासनं तिचा दुपारी कवा डोळा लागला असंल का गं?" ती म्हणाली. "आपल्या संमेलनात लागला."